नाव सांगेपर्यंत

१

दर हिवाळ्यात एका सकाळी आमच्या बंदरातला समुद्र गप्प होतो. आदल्या संध्याकाळपर्यंत धक्क्याच्या भिंतीवर लाटा आपटत असतात. त्या आवाजाची इतकी सवय झालेली असते, की तो आपल्याला ऐकू येतोय हेही आपण विसरतो. आणि मग एक दिवस जाग येते ती तो आवाज नसल्यामुळे. म्हातारी माणसं अंथरुणात उठून बसतात आणि म्हणतात, "लागला."

म्हणजे बर्फ लागला. किनाऱ्यापासून क्षितिजापर्यंत.

मी बर्फाच्या संग्रहालयात काम करते. पर्यटकांना दिवसभर तेच तेच सांगते. उत्तरेला आमूर नदी ओखोत्स्कच्या समुद्रात गोडं पाणी ओतते. गोडं पाणी हलकं, ते वर राहतं. सैबेरियाचा वारा तो वरचा थर गोठवतो आणि तो बर्फ वाऱ्याबरोबर सरकत सरकत आमच्या किनाऱ्याला येऊन टेकतो. लाटा त्याच्याखाली दबतात, म्हणून आवाज बंद होतो. यात गूढ काहीही नाही. पर्यटक माना हलवतात, गोठवणाऱ्या खोलीत ओला टॉवेल गरागरा फिरवतात, तो काठीसारखा ताठ झाला की फोटो काढतात आणि जातात.

गूढ असतं ते आमच्या माणसांच्या डोक्यात.

आमच्याकडे प्रत्येक घराला पुढच्या बाजूला दोन दारं असतात. बाहेरचं काचेचं, मग माणूसभर रुंदीची काचेची जागा, मग आतलं सरकतं दार, दुधी काचेचं. त्या मधल्या जागेला आम्ही काचखोली म्हणतो. वारा तिथे अडतो, बर्फ तिथे झाडायचा. बाहेरच्या दाराला कुणी कडी लावत नाही. वादळात सापडलेल्या कुणीही कुणाच्याही काचखोलीत शिरावं, बूट ठोकावेत, खुंटीवरच्या कुंच्याने अंग झाडावं. इथपर्यंत सगळं शहाणपणाचं आहे. पण एकदा बर्फ लागला की तो सुटेपर्यंत आतलं दार नाव ऐकल्याशिवाय उघडायचं नाही. आतून "कोण?" आलं की आपलं पूर्ण नाव सांगायचं. घरच्यांनीसुद्धा. जो गप्प राहील त्याला दार नाही. का, ते कुणी सांगत नाही. विचारलं की चहा ओततात.

यंदा बर्फ लागल्यावर एके दिवशी मी चारच्या सुमाराला घरी आले. अंधार पडत होता. काचखोलीत शिरून डावा बूट फरशीवर ठोकला.

"अगं, झालं ना एकदा ठोकून!" आतून फुसाए आत्या ओरडली. "फरशी फोडायचीय का?"

"आत्ताच तर आलेय मी."

"कोण?"

"मी."

"मी कोण?"

"आत्या, माझा आवाज ओळखतेस तू. बाहेर उणे बारा आहे."

"नाव सांग."

"नाही सांगत."

"मग राहा उभी. तेवढीच हवा लागेल डोक्याला."

मी उभी राहिले. तत्त्वासाठी उभी राहिले. पायाची बोटं बधिर झाल्यावर तत्त्व जरा सैल पडलं आणि मी ओरडले, "कानाए तोनोसाकी! तुझ्या भावाची मुलगी! झालं समाधान?"

"हळू. शेजाऱ्यांना वाटेल भांडतोय," म्हणत तिने कडी काढली.

आत शिरताना मी खाली पाहिलं. माझ्या बुटांशेजारी फरशीवर पाण्याचे दोन डाग होते, पावलाएवढे, दाराकडे तोंड केलेले. कुंचाही ओला होता. त्याच्या काड्यांवरून पाणी ठिबकत होतं. मी हातमोजा काढून बोट बुडवलं आणि जिभेला लावलं. खारट.

मग लक्षात आलं, की खारं असलं तरी या थंडीत ते गोठायला हवं होतं.

२

गेल्या हिवाळ्यात आमच्या याच काचखोलीत खोआ मेला.

खोआ व्हिएतनामचा. शिंपल्यांच्या कारखान्यात कंत्राटावर आलेल्या पोरांपैकी एक. कारखान्यातून त्यांच्या वसतिगृहाकडे जाणारा रस्ता आमच्या गल्लीच्या तोंडावरून जातो. भरदुपारी वादळ सुटलं. आमचं वादळ काळं नसतं, पांढरं असतं. पुढे केलेला स्वतःचा हात दिसत नाही. खोआची वाट चुकली. तो आमच्या काचखोलीत शिरला. आत आत्या होती.

तिने मला हे एकदाच सांगितलं, मुळा किसताना, माझ्याकडे न बघता.

"बूट ठोकले त्याने. कुंचा फिरवला, खांद्यावरून, पाठीवरून, अगदी घरच्यासारखा. मी विचारलं, कोण? काचेवर सावली होती. ती वाकली."

"वाकली म्हणजे?"

"नमस्काराला वाकतात तशी. कमरेतून. आणि वर आलीच नाही."

"मग तू काय केलंस?"

आत्या किसत राहिली. "टीव्हीचा आवाज मोठा केला."

दुसऱ्या दिवशी वादळ निवळल्यावर तो शेजारच्या ओनोदेराकाकांना दिसला. दाराशी बसलेला, कपाळ जमिनीला टेकलेलं. पोलिसांनी कारण वादळ असं लिहिलं. गल्लीने आत्याला डब्यातून भाज्या आणून दिल्या. एकानेही तिला विचारलं नाही, की बाई, तू दार का उघडलं नाहीस? कारण त्यांच्यापैकी कुणीच उघडलं नसतं.

मी तेव्हा साप्पोरोला नोकरी करत होते. ऐकलं आणि नोकरी सोडून आत्याकडे आले. आई म्हणाली, "रागाच्या भरात घर बदलू नये." मला वाटतं, त्याच भरात बदलावं. राग ओसरला की माणूस आहे तिथेच राहतो.

३

बर्फ लागल्यावर गल्लीची बैठक भरते. रस्त्यावरचा बर्फ कुणी कुठे लोटायचा, वादळात एकट्या म्हाताऱ्यांच्या घरी कुणी फेरी मारायची, असली कामं. समाजमंदिरातल्या शेगडीभोवती सगळे बसले होते, शेगडीवर सुकवलेली माकळी मासळी भाजत होती. ओनोदेराकाका अध्यक्ष. जन्म ट्रॉलरच्या इंजिनापाशी गेलेला, त्यामुळे शेजारच्या माणसाशीही इंजिनावरून ओरडल्यासारखं बोलतात.

मी उभी राहिले आणि म्हटलं, "या वर्षापासून जो काचखोलीत येईल त्याला दार उघडायचं. नाव सांगो, न सांगो."

कुणी हसलं नाही, हे जास्त वाईट होतं.

"कानाए," ओनोदेराकाका म्हणाले, "तू चार वर्षं भूगोल शिकलीस. आम्ही जन्मभर त्यात राहिलोय."

"राहिलात म्हणून कळला असं होत नाही, काका. मासाही पाण्यातच राहतो."

आता दोघं-तिघं हसले. काकांनीही माकळीचा तुकडा तोडत मान डोलावली. "जीभ बापाची घेतलीस. डोकं कुणाचं घेतलंस ते बघायचंय."

"खोआला नाव सांगायचं असतं हे ठाऊक नव्हतं. कुणी सांगितलं होतं त्याला?"

"बाहेरच्यांना कसं सांगणार?" मागून एक बाई म्हणाली. "हसतील आपल्याला."

"म्हणजे हसू नये म्हणून मेला तो."

काका खाली बघत म्हणाले, "गल्लीच्या समुद्राकडच्या टोकाला तीन मोकळ्या जागा आहेत. पूर्वी घरं होती तिथे. त्यांनी उघडलं होतं."

"ते लोक साप्पोरोला गेले, काका. हेरिंग मासा संपला म्हणून गेले. आम्हाला शाळेत शिकवलंय."

"तिन्ही घरं? एकाच हिवाळ्यात? जेवणाची ताटं मांडलेली ठेवून?"

कुणीतरी माझ्या कपात चहा ओतला.

शेवटी ठरलं ते वेगळंच. आमची काचखोली पाडायची. तिथे वाईट झालंय, ती नको. रविवारी सुतार येणार. आत्याने मान हलवून होकार दिला. माझ्याकडे तिने पाहिलंच नाही.

"वा," मी म्हटलं. "म्हणजे पुढच्या वेळी माणूस रस्त्यात मरेल, आपल्या दारात नाही. सोय झाली."

चहा तसाच ठेवून मी बाहेर पडले. समुद्राच्या बाजूला नुसता पांढरा सपाटा होता, आणि त्या सपाट्यावरून कसलाच आवाज येत नव्हता. इतक्या मोठ्या गोष्टीचा आवाज नसणं अंगावर येतं. मी स्वतःला म्हटलं, लाटा दबल्यात, बस्स. आणि जरा जास्तच जोरात चालू लागले.

४

दुसऱ्या दिवशी वारा वाढला म्हणून संग्रहालय लवकर बंद झालं. दुपारी मी आणि आत्या शेगडीशी बसलो होतो. ती संत्री सोलत होती, मी काचखोली पाडू नये म्हणून तिच्याशी वाद घालत होते. म्हणजे मी वाद घालत होते, ती सोलत होती.

ठक.

थोडं थांबून, ठक.

डावा बूट, उजवा बूट. मग कुंच्याचा आवाज. खर्र, खर्र. खांदा, दुसरा खांदा, पाठ. नीट, घाई न करता.

आत्याच्या हातातलं संत्रं तसंच राहिलं.

"रोज येतो," ती म्हणाली. "बर्फ लागल्यापासून. याच वेळेला."

"छपरावरून हिम घसरतंय."

"हो," आत्या म्हणाली. "घसरून कुंचा घेतंय हातात."

मी दाराकडे गेले. दुधी काचेवर सावली होती. बाहेरच्या पांढऱ्या उजेडावर करडी, खांदे आखडलेले. मला वाटलं होतं तेवढी भीती वाटली नाही. खरं सांगायचं तर वाटली, पण तिच्याआधी राग पोचला.

"कोण?" मी विचारलं.

सावली वाकली. सावकाश, कमरेतून, अदबीने. डोकं काचेच्या खालच्या लाकडी भागामागे गेलं आणि तिथेच राहिलं. काचेत फक्त पाठीची कमान उरली.

मी कडीला हात घातला. आत्याने मागून माझं मनगट धरलं. शिंपले उघडून उघडून तिचे हात सांडशीसारखे झालेत.

"नको, कानाए."

"सोड. माणूस असेल तर?"

"आणि नसेल तर?"

"माणूस नाही हे दार न उघडता कसं ठरवायचं? गेल्या वर्षी तू ठरवलंस!"

बोलून गेले. आत्याचा चेहरा बदलला नाही, पण हात सुटला. तेवढ्यात मी पाहिलं, तर काच मोकळी होती.

स्वयंपाकघराच्या मागच्या दाराने मी बाहेर धावले, घराला वळसा घालून पुढे आले. बाहेरचं दार बंद होतं. त्याच्यासमोर गुडघाभर हिम साचलेलं, गुळगुळीत, एकही पाऊल नाही. वाऱ्याने बुजलं असेल, मी म्हटलं. इतक्या लवकर? असेल. काचखोलीत दोन ओले डाग. तेही असेल. मी प्रत्येक गोष्टीला एक 'असेल' जोडत गेले, आणि शेवटी माझ्याकडे नुसत्या 'असेल'ची माळ उरली.

पण एक गोष्ट माझ्या मनात पक्की झाली. ते काहीही असो, ते दार ठोठावत नव्हतं. ढकलत नव्हतं. ते बूट झाडून वाट बघत होतं. चोर असा वागत नाही.

५

लिएन शनिवारी सकाळी आली. तीही शिंपल्यांच्या कारखान्यात काम करते, खोआच्या गावची. मी तिला आमची भाषा शिकवते आणि ती मला 'बाई' म्हणते, मी तिच्याहून वर्षभरानेच मोठी असले तरी.

मी तिला विचारलं, "तुम्हाला इथे आल्यावर दारात कसं वागायचं हे शिकवतात का?"

"शिकवतात ना, बाई. पहिल्याच आठवड्यात." तिने उठून करून दाखवलं. "बूट असे झाडायचे. ओरडायचं नाही, इथल्या लोकांना ओरडणं आवडत नाही. असं वाकायचं. आणि आत बोलावेपर्यंत मान वर करायची नाही. मुकादम म्हणायचा, मान वर केलीत तर वाटेल भीक मागताय."

स्वयंपाकघरात भांडं खाली पडलं. आत्या तिथे होती.

लिएनने मला फोनवरचा खोआचा फोटो दाखवला. गोल चेहरा, पुढचा एक दात तुटलेला, हातात भला मोठा खेकडा धरून हसत होता.

मग मी तिला बुटांचं आणि सावलीचं सांगितलं. मला वाटलं होतं ती रडेल, किंवा म्हणेल की बाई, उघडा, तो आमचा आहे. तिने फोन खिशात ठेवला.

"तो खोआ असेल तर बिचारा आहे," ती म्हणाली. "पण बाई, आमच्या गावाला समुद्र नाही. खोआला पाण्याची भीती वाटायची. त्याच्या अंगावर खारं पाणी कुठून येईल?"

जाताना ती पुढच्या दाराकडे वळलीच नाही. बूट हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दाराने गेली.

६

दुपारी वादळ सुटलं. खिडक्या पांढऱ्या झाल्या. घर एखाद्या पेटीत ठेवून पेटी कापसाने भरावी तसं वाटत होतं. समुद्र नाही, रस्ता नाही, शेजार नाही. शेगडीच्या धुराड्यात वारा हुंकारत होता.

ठक. ठक.

आत्याने आणि मी एकमेकींकडे पाहिलं. मग कुंचा, घाईघाईने, आणि लगेच इंजिनावरून ओरडल्यासारखा आवाज, "फुसाएसान! मी ओनोदेरा! गोइची ओनोदेरा! नळ गोठले नाहीत ना, बघायला आलोय. उघडा लवकर, नाक गळून पडतंय!"

आत्याने हुश्श केलं. वादळात म्हाताऱ्यांच्या घरी फेरी मारायची पाळी त्यांची होती. ती उठली, दाराशी गेली आणि थांबली.

काचेवर दोन सावल्या होत्या.

एक रुंद, हात चोळणारी, पाय आपटणारी. तिच्या डाव्या खांद्याला जवळजवळ चिकटून दुसरी, अरुंद, हलत नसलेली.

"ओनोदेरासान," आत्या म्हणाली, "एकटेच आलात ना?"

"मग काय वरात घेऊन येऊ? उघडा!"

"तुमच्या डाव्या हाताला कोण आहे?"

रुंद सावलीचे पाय थांबले. हात चोळणं थांबलं. वाऱ्याचा आवाज तेवढा राहिला.

"काका?" मी म्हटलं.

उत्तर नाही.

"काका, नाव सांगा. पुन्हा सांगा!"

ज्याचा आवाज आख्ख्या गल्लीला पुरतो त्या माणसाच्या तोंडून एक अक्षर निघालं नाही. दोन्ही सावल्या आता सारख्याच गप्प, सारख्याच स्थिर. आणि मग अरुंद सावली वाकली. कमरेतून, सावकाश. ती पुरती खाली जाण्याआधीच रुंद सावली गुडघ्यांवर कोसळली. काचेत आता फक्त दोन पाठी होत्या. कुठली कुणाची, ते मला सांगता येईना.

"गप्प आहेत," आत्या पुटपुटली. "दोघंही गप्प आहेत." तिचा हात आपोआप टीव्हीच्या दिशेने गेला. बटणापर्यंत पोचला नाही, मध्येच अडकला. ती त्या हाताकडे दुसऱ्या कुणाचा असल्यासारखी बघत राहिली.

तेव्हा मला कळलं. भीतीने जीभ आत जाते. बस्स, एवढंच. नियम जन्मभर पाठ असलेल्या माणसाचीही जाते, मग परमुलखातल्या पोराची काय कथा. आमचा नियम जिवंत माणूस ओळखत नव्हता. तो फक्त न घाबरलेला माणूस ओळखत होता. आणि उणे बारा अंशात, पांढऱ्या वादळात, कुणाच्यातरी शेजारी उभा राहून न घाबरणारा माणूस मला तरी माहीत नाही.

"कानाए," आत्या म्हणाली. तिचा आवाज अगदी लहान होता. "ती तीन घरं..."

"मला ठाऊक आहे."

"आपलंही जाईल."

"जाऊ दे! दारात माणूस मरत असताना जे घर उभं राहतं ते कशाला हवंय आपल्याला?"

तिने मला अडवलं नाही, हे मी मुद्दाम लिहून ठेवते. गल्लीत आता वेगळं सांगतात.

मी कडी काढली आणि दार सरकवलं.

७

आधी थंडी आत आली. वाऱ्याची नव्हे. काचखोलीत वारा नसतो. ही थंडी जड होती, पाण्यासारखी. पायांवरून आत पसरली आणि तिला वास होता, खोल विहिरीत मिठाचं पोतं टाकावं तसा. मागे शेगडीची ज्योत बसली.

ओनोदेराकाका हातापायांवर रांगत आत आले. डोळे घट्ट मिटलेले. मी त्यांच्या कोटाची कॉलर धरून त्यांना आत ओढलं. "लाव," ते म्हणत होते, "दार लाव, पोरी, दार लाव." आवाज परत आला होता, पण इंजिन बंद पडलं होतं. मी त्यांना ओलांडून उंबऱ्यावर उभी राहिले.

तो वाकलेला होता. कपाळ जवळजवळ गुडघ्यांना लागलेलं. केसांतून पाणी थेंब थेंब फरशीवर पडत होतं आणि गोठत नव्हतं. अंगावर जाड सुती कपडा होता, दोरखंडासारख्या जाड दोऱ्याने शिवलेला. तसा आता कुणी घालत नाही. हातात आमचाच कुंचा होता. तो त्याने दोन्ही हातांत धरला होता, उसनी वस्तू परत करताना धरतात तसा.

"मान वर करा," मी म्हटलं. माझे दात वाजत होते. वाजू देत. "मी उघडलंय."

त्याने मान वर केली. पूर्ण नाही. थोडीशी.

तो खोआ नव्हता.

कुणाचा चेहरा होता ते मी सांगणार नाही, कारण मला सांगता येणार नाही. एवढंच, की तो चेहरा पुष्कळ दिवस बोलावण्याची वाट बघत होता. इतके दिवस, की वाट बघण्याखेरीज त्यात दुसरं काही उरलं नव्हतं. ओठ हलले. नाव सांगायचा प्रयत्न करत असावा. ते त्याच्याजवळ आता नव्हतं.

मी ओरडले नाही. पायांनी मागे जायचं ठरवलं होतं, मी त्यांना जाऊ दिलं नाही. डोक्यात आमूर होती, गोडं पाणी होतं, सैबेरियाचा वारा होता, पर्यटकांना सांगायची सगळी वाक्यं रांगेने होती, आणि त्यांतलं एकही कामाचं नव्हतं. मग मी त्याच्या खांद्यावरून पलीकडे पाहिलं.

काचखोलीच्या बाहेरच्या काचेपलीकडे, त्या पांढऱ्यात, पाठी होत्या. वाकलेल्या. दाराला लागून एक, तिच्यामागे दुसरी, मागे आणखी. वादळ जरा विरळ झालं की जास्त दिसायच्या, दाट झालं की कमी. समुद्राकडच्या उतारापर्यंत. त्यांतल्या एकीवर कारखान्याचं निळं जाकीट होतं. ती पाठ तरुण होती. गोल मान, कानांवर ओढलेली टोपी. तो पार मागे होता. सगळ्यात उशिरा आलेला, म्हणून सगळ्यात मागे.

"दार लाव!" ओनोदेराकाका खालून ओरडले. "कानाए, तुला बापाची शपथ!"

मी दार आणखी सरकवलं. भिंतीला लागेपर्यंत.

"या," मी म्हटलं. आवाज फाटला, म्हणून पुन्हा म्हटलं, सगळ्यांना ऐकू जाईल असा. "आत या."

माझ्यामागे आत्या उभी होती. किती वेळ उभी होती आणि तिने किती पाहिलं, देव जाणे. तिचा श्वास माझ्या मानेवर लागत होता, वाफाळ, जलद. मला वाटलं आता ती मला मागे ओढणार. ती वळली. भिंतीतल्या कपाटाचं दार सरकवल्याचा आवाज आला. पाहुण्यांसाठी ठेवलेल्या सपाता तिथे असतात.

"किती जोड काढू?" तिने विचारलं.

मी मोजलं नाही.

"आहेत तेवढे सगळे काढ," मी म्हटलं, आणि त्यांना वाट द्यायला दारातून बाजूला झाले.